टुटा अ‍ॅब्सोल्युटा (टोमॅटोवरचा पतंग)

टुटा हा मूळचा पेरूमधल्या अँडीजच्या डोंगराळ भागातला छोटासा पतंग. कीटकतज्ज्ञ एडवर्ड मेरिक यांनी १९१७ साली पेरूतल्या वानकायोच्या नमुन्यावरून त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे शास्त्रीय नाव दोन-तीनदा बदललं, पण शेतकरी टुटाच म्हणतात.

पतंग दिसायला अगदी किरकोळ, ५ ते ७ मिलिमीटरचा, राखाडी, पंखांवर काळे ठिपके, आणि दिवसा पानांत दडून बसतो त्यामुळे सहसा नजरेत येतच नाही. नुकसान करते ती अळी. एक मादी २६० पर्यंत अंडी घालू शकते, बहुतेक पानांच्या खालच्या बाजूला नाहीतर कोवळ्या देठांवर, आणि अळी बाहेर पडली की थेट पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून मधला हिरवा गर खात सुटते. असं पान उजेडाकडे धरून बघा, पांढुरका आरपार डाग दिसेल, आत काळी विष्ठा आणि बऱ्याचदा अळीसुद्धा, डोक्यामागे बारीक काळी पट्टी असलेली. पान पोखरणाऱ्या नेहमीच्या नागअळीची रेघ नागमोडी असते, टुटाचा डाग पसरट. हा फरक वेळेत ओळखणं फार गरजेचं आहे, कारण नागअळी पानातच राहते पण टुटा शेंडा, देठ आणि फळ काहीच सोडत नाही. हवामान मानवलं तर वर्षाला १० ते १२ पिढ्या होतात.

दक्षिण अमेरिकेबाहेर तो २००६ ला स्पेनमध्ये सापडला, मग फळं आणि रोपांच्या वाहतुकीबरोबर भूमध्य समुद्राकाठचे देश, आफ्रिका असं करत २०१४ मध्ये भारतात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये पोचला.

नुसत्या फवारणीवर भरवसा ठेवणं चुकीचं, कारण अळी पापुद्र्याआड असते आणि चिली, ब्राझील, अर्जेंटिनात ती बऱ्याच औषधांना दाद देईनाशी झालीय. पोखरलेली पानं-फळं वेचून नष्ट करणं, रोपवाटिकेला बारीक जाळी आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) हे आधी. मात्र सापळ्यात फक्त नर अडकतात, आणि ट्युनिशियातल्या टुटाच्या माद्यांनी प्रयोगशाळेत नराशिवायही पिल्लं दिल्याची नोंद आहे, म्हणून सापळा पतंग आलाय का हे कळायला उत्तम, संपवायला अपुरा. स्पेनच्या ग्रीनहाउसमध्ये यासाठी नेसिडिओकोरिस हा टुटाची अंडी आणि बारक्या अळ्या खाणारा मित्रकीटक (झाडावर राहणारा ढेकूण, घरातला नव्हे) सोडतात. तो भारतातही आढळतो, फक्त शिकार कमी पडली की टोमॅटोच्या कोवळ्या देठांनाच सोंड लावतो.