लिंच सिंड्रोम: आतड्याच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक धोक्यासाठी तपासणी का होऊ लागली

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं, की त्याच गाठीच्या तुकड्यावर ‘लिंच सिंड्रोम’, म्हणजे घराण्यात चालत येणारा कॅन्सरचा आनुवंशिक धोका, शोधणारी तपासणीही करावी, असं आज अनेक देशांतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मग रुग्णाचं वय कितीही असो, घरात आधी कुणाला कॅन्सर झालेला असो वा नसो. वैद्यकाला इथवर यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

१८९५ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथं, ऑल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई खिन्न दिसली. कारण विचारल्यावर ती म्हणाली, आमच्या घरात बहुतेक सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात. मीही तशीच जाणार. वॉर्थिननी तिचं बोलणं मनावर घेतलं, घराण्याची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये ‘फॅमिली जी’ या नावानं ती प्रसिद्ध केली. पुढे ती बाई गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली.

नंतर कित्येक वर्षं हा विषय मागे पडला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्याच ओमाहा शहरात डॉक्टर हेन्री लिंच यांना दारूच्या आहारी गेलेला एक रुग्ण भेटला. घरच्यांसारखाच आपणही आतड्याच्या कॅन्सरनं मरणार, म्हणून पितो, असं त्यानं सांगितलं. लिंच यांनी १९६६ मध्ये अशा दोन घराण्यांचा अभ्यास मांडला, तरी अनेकांना तो पटेना. मग १९९३-९४ मध्ये एमएसएच२ आणि एमएलएच१ ही जनुकं हाती लागली. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा राहिलेल्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. ते बंद पडलं की चुका साठत जातात आणि कॅन्सरचा धोका वाढतो. हाच लिंच सिंड्रोममागचा दोष.

रुग्ण निवडायचे कसे, यासाठी १९९१ मध्ये ‘ॲमस्टरडॅम निकष’ आले होते: कॅन्सर झालेले तीन नातेवाईक, सलग दोन पिढ्या, निदान एकजण पन्नाशीच्या आतला. माझ्या मते खरी गोची इथंच होती. कुटुंबं लहान असतात, आजी ‘पोटात गाठ होऊन’ गेली एवढंच पुढच्यांना ठाऊक असतं. ओहायोतल्या कोलंबस भागात १०६६ रुग्णांच्या गाठी सरसकट तपासल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३ जणांत हा दोष सापडला. त्यांतले १० जण पन्नाशी ओलांडलेले होते आणि ५ जण तर ॲमस्टरडॅम किंवा रुग्ण निवडण्यासाठीच नंतर आलेल्या ‘बेथेस्डा’ निकषांतही बसत नव्हते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानं आणि २०१७ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं सर्वांच्या तपासणीची शिफारस केली.

यासाठी बायोप्सीचाच तुकडा पुरतो. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं त्यात आहेत का, हे रंगवून पाहतात. एखादं गायब असलं म्हणजे दोष आनुवंशिकच, असं नव्हे. एमएलएच१ पुष्कळदा म्हातारपणी आलेल्या गाठीत आपसूक बंद पडतं. म्हणून पुढच्या चाचण्या आणि समुपदेशनानंतर रक्ताची जनुकचाचणी होते.

तिचा सर्वांत मोठा उपयोग नातेवाइकांना होतो. रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला हा दोष असण्याची शक्यता साधारण निम्मी. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या लोकांची दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, केली. १५ वर्षांत, तपासणी न करणाऱ्यांच्या तुलनेत, आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला.