मुंबईत भाड्याची इमारत मालकाला परवडेनाशी कशी झाली

भाड्याच्या उत्पन्नासाठी मुंबईत घर घेणारा गुंतवणूकदार आज बहुधा एखाददुसरी सदनिका घेतो आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून ती देतो. संपूर्ण इमारत बांधून तिच्या सगळ्या खोल्या भाड्याने लावणारा नवा मालक शहरात जवळजवळ दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र हाच व्यवसाय भांडवल गुंतवण्याचा नेहमीचा मार्ग होता, आणि तो का आटला हे समजल्याशिवाय आजच्या भाडेबाजारातील अनेक गोष्टींचा अर्थ लागत नाही.

१८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढील काही दशकांत कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांना गिरणीच्या जवळ डोके टेकायला जागा हवी झाली. परळ, लालबाग, गिरगाव या भागांत उभ्या राहिलेल्या चाळी ही त्या गरजेची उत्तरे होती. साधारण दहा बाय बाराची खोली, समोर सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि संडास अशा रचनेमुळे एका खोलीमागे येणारा बांधकामाचा खर्च कमी राही. खोली रिकामी पडण्याची भीती फारशी नव्हती, आणि भाडे थोडे असले तरी खोल्या पुष्कळ असल्याने महिनाअखेरीस जमणारी रक्कम चांगली असे. मालकाचा मेहता दारोदार फिरून भाडे गोळा करी व पावती देई. काही मालक तर संपूर्ण चाळच एका ठेकेदाराला देऊन टाकत आणि तो वर आपला नफा ठेवून खोल्या लावी. राहणाऱ्यांच्या हालांवर हा नफा उभा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही हिशेबाचा एक धागा त्यात शाबूत होता: भाड्यातून दुरुस्ती निघत होती आणि दुरुस्ती केली तर पुढचे भाडे टिकत होते.

१८९६च्या प्लेगने या दाट वस्तीचे भयंकर रूप उघडे पाडले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रोगट वस्त्या पाडल्या आणि स्वतःच्या चाळीही बांधल्या. पुढे १९२० मध्ये आलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बीडीडी चाळी उभारल्या. त्यासाठी कापसाच्या प्रत्येक गासडीमागे एक रुपया कर बसवला होता, आणि तरीही सुरुवातीची बरीच वर्षे त्यातल्या अनेक खोल्या भाडेकरूंअभावी रिकाम्या राहिल्या. गरिबाला परवडणारे भाडे आणि बांधकामाचा खर्च यांचा मेळ सरकारलाही घालता आला नाही, ही नोंद पुढच्या साऱ्या इतिहासासाठी महत्त्वाची आहे.

भाडेनियंत्रणाची सुरुवात युद्धकाळातली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, पहिला निर्बंध आला आणि काही वर्षांनी तो संपला. दुसऱ्या महायुद्धाबरोबर १९३९ आणि १९४४चे कायदे आले, आणि त्यांच्या जागी १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. टंचाईच्या काळात मालकाने भाडेकरूला वेठीस धरू नये, हा हेतू योग्यच होता. निर्वासितांनी आणि नोकरीसाठी आलेल्यांनी भरलेल्या शहरात तो कायदा नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. घोटाळा झाला तो मुदतीचा आणि आकड्याचा. तात्पुरता म्हणून केलेल्या या कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली, आणि प्रमाणित भाडे, म्हणजे कायद्याने मालकाला घेता येणारे कमाल भाडे, मुख्यतः १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर थांबले. महापालिकेच्या करातील वाढ किंवा काही सुधारणांचा खर्च भाडेकरूकडून घेण्याची तरतूद होती. पण सिमेंट, लाकूड आणि गवंड्याची मजुरी ज्या वेगाने वाढली त्या वेगाने भाडे वाढवण्याचा मार्ग उरला नाही. माझ्या मते मुंबईच्या जुन्या इमारतींचे भवितव्य याच ठिकाणी ठरले.

नफा नाहीसा झाला नाही, त्याने वाट बदलली. कमी भाड्याची खोली हातात असणे हीच एक मालमत्ता झाली आणि ती सोडणारा भाडेकरू नव्या माणसाकडून पागडी, म्हणजे खोलीचा हक्क देण्याबद्दल एकरकमी पैसे, घेऊ लागला. त्यात मालकाचा वाटा असे, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास. १९४७च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते, म्हणून व्यवहार रोखीने आणि कागदाबाहेर चाले. मालकाला पैसा मिळे तो भाडेकरू बदलताना. इमारत चांगली ठेवण्याशी त्याचा काही संबंध राहिला नाही. महापालिकेलाही याची झळ बसली, कारण ज्यावर कर आकारला जाई ते करपात्र मूल्य प्रमाणित भाड्याच्या मर्यादेत राहिल्याने अशा इमारतींचा मालमत्ता करही गोठल्यासारखा झाला. भांडवली मूल्यावर आधारित कर २०१०पासून आला.

नियंत्रण टाळण्यासाठी मालकांनी ‘भाडे’ हा शब्दच सोडला आणि १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातील परवाना, म्हणजे जागेवर हक्क न देता ती फक्त वापरू देणारे लायसन्स, ही संकल्पना धरली. त्यावर १९७३ मध्ये भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर ताबा असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ताबा असलेल्यांना दिलासा मिळाला, पण ज्यांच्याकडे जागा मोकळी होती त्यांनी ती कुलूप लावून ठेवणे पसंत केले. बांधकाम व्यावसायिकही भाड्याऐवजी विक्रीकडे वळले होते. गावदेवीतील सारस्वत सोसायटीने १९१५ मध्ये सहकारी घरांचा मार्ग दाखवला होताच. १९६३च्या मोफा कायद्याने मालकी हक्काच्या सदनिकांना चौकट मिळाली.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. १९६९च्या कायद्यानुसार रिपेअर बोर्ड आले, दुरुस्ती उपकर बसला आणि शहर भागातील १९,६००हून अधिक इमारती उपकरप्राप्त ठरल्या. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. १९८६ मध्ये तर अशी इमारत मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन ताब्यात घेण्याची तरतूद झाली. महिना ५० रुपये भाड्याच्या खोलीमागे मालकाला ५,००० रुपये, असा तो हिशेब होता. मालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे राज्यघटनेनुसार सर्वांच्या हितासाठी वाटता येणारी साधने, ठरत नाही.

त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे अवाजवी आणि मनमानी ठरले असल्याचे म्हटले होते. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ती चक्रवाढीने धरली तरी ५० रुपयांचे पंचवीस वर्षांत सुमारे १३३ रुपये होतात, म्हणजे जिन्याचा एक कठडाही त्यातून बदलत नाही. पागडी कायदेशीर झाली. मालकांना खरा फायदा दुसऱ्या कलमाने झाला: बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण गेले, आणि फोर्ट-कुलाब्यातील अनेक इमारतींना इतक्या वर्षांनी प्रथमच बाजारभावाने भाडे मागता आले.

आजचा सदनिका-मालक उभा आहे तो याच कायद्याच्या २४ आणि ५५ या कलमांवर. मुदत संपूनही परवानाधारक निवासी जागा सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार मात्र लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. अकरा महिन्यांची प्रथा आली ती एक वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते म्हणून. महाराष्ट्रात ते कारण उरलेले नाही, तरी अकराचा आकडा टिकून आहे.

जुन्या इमारतींत पैसा उरला तो जमिनीत. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीने भाडेकरूंना नवी घरे देऊन वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जादा बांधता येणारी जागा, विकण्याची मुभा दिली, त्यामुळे इमारत पाडण्याच्या दिवशी मालकाला जे मिळू शकते ते ती सांभाळण्याच्या सर्व वर्षांत मिळत नाही. मधल्या काळात माणसे मात्र त्याच छपराखाली राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडली तेव्हा तीसहून अधिक जणांचे प्राण गेले, आणि ती इमारत पुनर्विकासासाठी ठरलेलीच होती. अशी उपकरप्राप्त इमारत आज विकत घेऊ पाहणाऱ्याने आधी पाहायचे असते ते भाडेकरूंची प्रमाणित यादी, पोटभाडेकरूंचे वाद, प्रत्येक खोलीचे चटई क्षेत्र आणि किती जणांची संमती मिळेल. भाड्याच्या रकमेचा रकाना त्या हिशेबात कुठेच वजनदार ठरत नाही.