निळे डोळे म्हणजे अस्सल पॉमेरेनियन?

‘निळ्या डोळ्यांचं पॉमेरेनियन कुत्रं दुर्मीळ आणि जास्त अस्सल’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ते खरं नाही.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, तेव्हा बहुतेकांचे निळसरच दिसतात. रंगद्रव्य नंतर साठतं. खरा रंग तीन-चार महिन्यांत कळतो.

त्यानंतरही डोळे निळे आणि अंगावर फिकट-गडद ठिपके असतील, तर बहुधा मर्ल जनुक, म्हणजे अंगाचा आणि डोळ्यांचा रंग ठिकठिकाणी फिकट करणारं जनुक, असतं. जातीच्या मानकात गडद डोळेच अपेक्षित आहेत. आईबाप दोघंही मर्ल असले, तर काही पिल्लांना त्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात. त्यांना बहिरेपण, अंधत्व येऊ शकतं. माझ्या मते जास्त पैसे मोजण्याआधी हेच बघायला हवं.

आईबाप दाखवायला सांगाच. मर्ल कधी अंगावर दिसतही नाही, डीएनए चाचणीत मात्र सापडतं. पिल्लाच्या मागे, त्याला न दिसता टाळी वाजवा; कान हललेच नाहीत तर पशुवैद्यांना दाखवा.