लिंबूवर्गीय सालीतील ज्वलनशील तेल

संत्रे, मोसंबी, लिंबू, ईडलिंबू, पपनस या फळांच्या सालीत साठलेले सुगंधी तेल. ते हवेत सहज उडून जाते आणि पेटते. ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून बोटांत दुमडली की बारीक तुषार उडतात आणि पिवळा भपका होऊन विझतो. संत्र्याची साल भावंडाच्या डोळ्यांसमोर पिळण्याच्या खोडीत डोळे चुरचुरतात, तेही याच तेलामुळे. फळाचा आंबट रस मात्र पेटत नाही, कारण तो जवळजवळ सगळा पाणीच असतो.

सालीचे दोन थर असतात. बाहेरचा थर रंगीत, पातळ व ताठ, तर आतला पांढरा, मऊ आणि हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. पपनसात हा पांढरा थर बोटभर जाड होतो. नागपुरी संत्र्यासारख्या सैल सालीच्या फळात त्याचे फारसे काही उरत नाही. तेलाच्या ग्रंथी रंगीत थरात असतात. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या याच ग्रंथी. कीटक व बुरशी यांना हे तेल मानवत नाही. त्यामुळे फळाच्या संरक्षणासाठी झाड ते साठवते, असे मानले जाते.

साल दुमडली की आतला मऊ थर दबतो आणि ग्रंथीतील द्रवावर दाब चढतो. बाहेरचे ताठ कवच ताणले जाऊन ग्रंथीच्या तोंडाशी फाटते आणि तेल चिळकांडीसारखे सुटते. अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने या चिळकांड्या टिपल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिळकांडीचा वेग सेकंदाला १० मीटरच्या पुढे, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरहून अधिक जातो. हा वेग इतक्या थोड्या अंतरात गाठला जातो, की त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५,१०० पट भरते. एवढे सगळे घडवायला दोन बोटे पुरतात. बाहेर पडलेली धार केसाइतकी बारीक असते आणि लगेच तुटून तिचे थेंब होतात.

तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. गोड संत्र्याच्या तेलात तो ९० टक्क्यांहून जास्त असतो, लिंबाच्या तेलात दोनतृतीयांशाच्या आसपास. त्याच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू असतात, ऑक्सिजनचा एकही नाही. म्हणजे रासायनिकदृष्ट्या हे हायड्रोकार्बनच, आणि जळताना वजनामागे मिळणारी उष्णता पेट्रोलच्या जवळपास जाते. टर्पिन या गटातील अशा संयुगांचा गुंता जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांनी सोडवला. त्या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९१० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही या तेलाला पेट्रोलच्या रांगेत बसवणे चूक आहे. पेट्रोलची वाफ गोठवणाऱ्या थंडीतही पेट घेते. लिमोनीनच्या पृष्ठावर पेटण्याइतकी वाफ जमायला सुमारे ४८ अंश सेल्सिअस तापमान लागते. या तापमानाला त्याचा फ्लॅश पॉइंट म्हणतात. या बाबतीत ते रॉकेलच्या जवळचे आहे. बशीत ओतलेल्या तेलावरून जळती काडी झटकन फिरवली तर ते बहुधा पेटणार नाही. फवाऱ्याची गोष्ट वेगळी. तेवढ्याच तेलाचे बारीक थेंब झाले की त्यांचे एकूण पृष्ठफळ कैक पटींनी वाढते, ज्योतीची उष्णता प्रत्येक थेंबाला चटकन गाठते, थेंबाची वाफ होते आणि भोवतालचा ऑक्सिजन लगेच मिळतो. भपका इतका नजरेत भरतो तो यामुळे. तेल फार जहाल असल्यामुळे नव्हे. एका दाबात सुटणारे तेल अगदीच थोडे असल्याने तो लगेच संपतोही.

ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते, कारण लिमोनीनच्या वजनात ८८ टक्के कार्बन असतो आणि तो सगळा त्या क्षणात जळून जात नाही. तापलेले काजळीकण पिवळे चमकतात. ताजी साल स्वतः जळत नाही, कारण तिच्यातले पाणी आधी उडून जावे लागते. कडकडीत वाळवलेली साल मात्र शेगडी पेटवायला उपयोगी पडते.

लिमोनीनचे रेणू दोन प्रकारचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. उजव्या बाजूचा संत्र्याच्या वासाचा आणि डाव्या बाजूचा लिंबाच्या, असे पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले गेले. ते खरे नाही. लिंबातही उजवा प्रकारच बहुतांश असतो; लिंबाचा खास वास प्रामुख्याने तेलातल्या सिट्राल या दुसऱ्या घटकाचा.

रसाच्या कारखान्यांत हे तेल उपउत्पादन म्हणून निघते. फळाच्या वजनाच्या अर्धा टक्काही ते भरत नाही, पण ब्राझीलसारख्या देशात संत्रीच एवढी पिळली जातात की तेलाचा साठा मोठा होतो. ते साबणाला, शीतपेयांना, ग्रीस काढणाऱ्या द्रावणांना जाते. लिमोनीनमध्ये थर्मोकोल विरघळते. फुगवलेल्या रबरी फुग्यावर साल पिळली तर फुगाही फुटतो, आणि तेल पेटवण्यापेक्षा हा प्रयोग मुलांसाठी बराच बरा. मद्यालयांत मात्र पेटवण्यालाच मान आहे: संत्र्याच्या सालीचा फवारा ज्योतीतून पेल्यावर सोडतात, त्यामुळे पेयाला किंचित भाजका वास येतो.

घरात या तेलाने आग लागण्याची भीती जवळजवळ नाही. पिंपांनी साठवलेल्या तेलाची वाहतूक मात्र ज्वलनशील द्रव म्हणूनच होते. हवेशी संयोग होऊन जुने झालेले लिमोनीन त्वचेला ॲलर्जी आणू शकते, म्हणून बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात.