लडलोचं फुलपाखरू: 75 वर्षं फक्त टाचणीला

फ्रँक लडलो आणि जॉर्ज शेरिफ हे दोघे ओळखले जातात ते हिमालयातल्या वनस्पती आणि पक्ष्यांच्या संग्रहासाठी. पण 1933-34 मध्ये पूर्व भूतानच्या त्राशियांगत्से खोऱ्यातून त्यांनी पाच फुलपाखरंही आणली. ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पोचली, आणि 1942 मध्ये तिथले कीटकतज्ज्ञ गॅब्रिएल यांनी ही वेगळी जात असल्याचं नोंदवून तिला लडलोचं नाव दिलं: भूतानायटिस लडलोवी.

वेगळी कशावरून? तिची बहीण, म्हणजे भूतान ग्लोरी ही जवळची जात, 1873 पासूनच माहीत होती. दोघींचे पुढचे पंख काळे, त्यावर नागमोडी फिकट रेघा, मागच्या पंखांवर लाल डाग आणि एकाहून अधिक शेपट्या. भूतान ग्लोरी बसली की पुढचे पंख खाली ओढून तो लाल डाग झाकून टाकते, मग समोर उरतो नुसता काळपट, रेघांचा पंख. लडलोच्या जातीचे पुढचे पंख अधिक रुंद आणि रेघा जाड. फरक एवढाच, पण नमुने शेजारी ठेवले की नजरेत भरतो.

नंतर मात्र सगळं थांबलं. सुरवंट काय खातो, मादी अंडी कुठे घालते, हे वाळलेले पंख कसं सांगणार? मला या इतिहासात हेच सगळ्यात जास्त खटकतं: नाव होतं, वर्णन होतं, पण त्या जातीचं जगणं कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं भूतानच्याच वनखात्यातल्या कर्मा वांगदी यांनी, ऑगस्ट 2009 मध्ये, बुमदेलिंग अभयारण्यात. दोन वर्षांनी जपानी अभ्यासक त्यांच्यासोबत तिथे गेले आणि कोडं उलगडत गेलं. साधारण 2000 मीटरच्या वरचं डोंगरी रान, आणि त्यात ॲरिस्टोलोकिया ग्रिफिथी ही, आपल्या ईश्वरीच्या जातकुळीतली, वेल. मादी तिच्याच पानांखाली पुंजक्याने अंडी घालते. या वेलीच्या कुळात विषारी आम्लं असतात. सुरवंट हीच पानं खातो, त्यामुळे ते विष फुलपाखराच्या अंगातही उतरत असणार; ते पाहता पंखावरचा तो लाल डाग भक्षकांना दिलेला इशारा असावा, असं मला वाटतं.

2012 मध्ये भूतानने तिला राष्ट्रीय फुलपाखराचा मान दिला. ही वेल गच्च सावलीपेक्षा रानाच्या मोकळ्या कडेला फोफावते, आणि गावकरी सरपणासाठी थोडीफार तोड करतात तिथे अशा कडा तयार होतात. त्यामुळे रान राखताना नुसतं कुंपण घालून भागत नाही, त्या उजेडाच्या जागाही राखाव्या लागतात.