पॅक-मॅनचे मशीन घरी नेण्यापूर्वी

दुरुस्त केलेले मशीन ताब्यात देताना बरेच ग्राहक एक मागणी करतात: "जॉयस्टिक तिरकी जात नाही, आठ दिशांची नवी बसवून द्या." आम्ही ती बसवत नाही. हट्ट म्हणून नव्हे. हा खेळ आतून कसा चालतो हे कळले, की तुम्हीही ती मागणार नाही.

पॅक-मॅन हा भुलभुलैयात ठिपके खात फिरण्याचा आणि चार भुतांपासून पळण्याचा व्हिडिओ गेम. तो 1980 साली जपानच्या नामको कंपनीत तयार झाला. तो आखणारे तोरू इवातानी तेव्हा पंचविशीत होते. त्या काळी गेम सेंटरांत गोळ्या झाडण्याच्या खेळांची गर्दी असे आणि खेळणारे बहुतेक पुरुषच. मुलींनी, जोडप्यांनीही तिथे यावे म्हणून इवातानींनी खाणे हा विषय निवडला. एक तुकडा उचललेल्या पिझ्झाचा आकार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तोंडाची उघडझाप करत खाण्याला जपानीत 'पाकु पाकु' म्हणतात, म्हणून तिकडे नाव पडले 'पक-मॅन'. अमेरिकेत ते 'पॅक-मॅन' झाले, कारण इंग्रजी 'Puck'मधल्या P ची रेघ खरवडून कोणीही त्याची शिवी करू शकला असता.

खेळताना बटण एकही लागत नाही. सगळी मदार त्या चार दिशांच्या दांडीवर. वळण येण्याच्या किंचित आधी दांडी वळवलीत, तर पॅक-मॅन कोपरा कापून जातो. भुतांना मात्र चौकाच्या मध्यापर्यंत जाऊनच वळावे लागते. प्रत्येक वळणावर मिळणारी ही इवलीशी आघाडी जीव वाचवते. आठ दिशांची दांडी कोपऱ्यात अडकली, की एकाच वेळी दोन दिशांचा इशारा जातो, वळण चुकते आणि दोष खेळाच्या माथी येतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ठिपके खाताना पॅक-मॅन थोडा मंदावतो. भूत पाठीशी असेल तर आधीच साफ केलेल्या वाटेने पळा. बाजूच्या बोगद्यात शिरा, तिथे भुतांचा वेग खूपच पडतो.

आता भुते. आमच्या मते या खेळाची खरी करामत इथेच आहे. लाल भूत सरळ तुमच्या मागे लागते आणि ठिपके संपत आले की वेग वाढवते. गुलाबी भूत तुमच्या चार घरे पुढची जागा हेरून वाट अडवते. निळ्याचे गणित सर्वांत अवघड: तुमच्या दोन घरे पुढचा बिंदू घ्या, लाल भुतापासून तिथवर रेघ ओढा आणि ती दुप्पट लांब करा, जिथे संपेल तिथे निळ्याला जायचे असते. म्हणून ते कधी अंगावर येते, कधी भलतीकडेच निघून जाते. नारिंगी दुरून पाठलाग करते, पण आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे पळते. इतक्या साध्या चार नियमांतून चार स्वभाव उभे राहतात.

भुते सतत अंगावर येत नाहीत, हेही ठरवून केलेले आहे. पहिल्या लेव्हलला 7 सेकंद ती आपापल्या कोपऱ्यांत जातात, मग 20 सेकंद पाठलाग करतात, पुन्हा कोपऱ्यांत. बेत बदलताना सगळी एकदम उलटी फिरतात. तो बोर्डातला बिघाड नाही. तुम्ही वर तोंड करून चालत असताना गुलाबी भुताचा नेम चार घरे डावीकडे सरकतो. ही मात्र मूळ प्रोग्राममधली खरी चूक. आम्ही तिला हात लावलेला नाही. जुन्या खेळाडूंच्या पाठ केलेल्या वाटा तिच्यावरही उभ्या आहेत.

256व्या लेव्हलला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि आकड्यांच्या खिचडीने भरतो. लेव्हलचा आकडा ठेवायला मेमरीत 8 बिटांचीच, म्हणजे 255 पर्यंतच्या आकड्यापुरतीच जागा आहे, ती ओलांडली जाते आणि पडद्याच्या तळाशी फळांची चित्रे काढणारा प्रोग्रामचा भाग भरकटत सुटतो. तिथे खेळ पुढे सरकत नाही. घरातले कोणी तिथवर पोहोचलेच, तर आम्हाला जरूर कळवा, आम्ही बघायला येऊ.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये हा खेळ आपल्या डिझाइन संग्रहात घेतला. आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांना त्याचा फार आनंद झाला.

पिक्चर ट्यूबबद्दल दोन शब्द. ही ट्यूब उभी बसवलेली असते आणि भुलभुलैया पडद्यावर कधी हलत नाही. वर्षानुवर्षे तीच निळी रेघ उमटून जुन्या ट्यूबवर तिचा डाग पडतो, मशीन बंद असतानाही दिसतो. तो पुसता येत नाही. खेळ नसेल तेव्हा मशीन बंदच ठेवा. मागची फळी मात्र स्वतः उघडू नका: प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठलेला असतो.

एका नाण्यात किती जीव आणि जादाचा जीव किती गुणांवर, हे बोर्डावरच्या छोट्या स्विचांनी ठरते. आम्ही 3 जीव आणि 10,000 गुण लावून देतो. लहान मुले खेळणार असतील तर मशीन नेताना सांगा, 5 जीव करून देऊ.