मालदांडी आली कुठनं?

हस्ताच्या पावसाकडं डोळे लागले की आमच्याकडं घरोघरी एकच चर्चा, औंदा मालदांडी ज्वारी पेरायची का कृषी विद्यापीठाचं नवीन वाण. बी तेच पेरतो पण त्याच्या मागची गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितोय.

ज्वारी मुळात आफ्रिकेतली, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली. पण इथं येऊन तिला हजारो वर्षं झाली, आणि आपल्या बायामाणसांनी दरवर्षी खळ्यावर चांगली कणसं बाजूला काढून बियाला ठेवली त्यातनंच काळ्या रानाला मानवणारी रब्बीची ज्वारी घडत गेली. मालदांडी हे त्यातलंच एक गावरान वाण. 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर या गावरान मालदांडीतनं निवड करून एम 35-1 काढलं. संकर वगैरे काही नाही बरं का, निवड पद्धत म्हणजे चांगली कणसं हेरायची, एका कणसाचं बी एका ओळीत पेरायचं, हलकी ओळ सोडून द्यायची, हेच परत परत. शेतकरी करतो तेच, फक्त वही घेऊन.

पुढं 1964 ला सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं आणि खरिपात हायब्रीडनं उतारा कुठल्या कुठं नेला. पण कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा, आणि रब्बीत तर हायब्रीडचा जम कधी बसलाच नाही. रब्बीचं पीक जमिनीतल्या ओलीवरच काढायचं, वर खोडमाशी, शेवटी पाण्याचा ताण बसला की खडखड्या (खोड कुजवणारा रोग) येऊन ताटं आडवी. मालदांडी यात बऱ्यापैकी तग धरते, दाणा मोत्यासारखा, भाकरी दुसऱ्या दिवशीपण मऊ आणि कडबा जनावर आवडीनं खातं. कडब्याचा भाव धरल्याशिवाय ज्वारीचा हिशोब होतच नाही, हे नुसत्या धान्याचा उतारा मोजणाऱ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. 1960 च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या कामातनं जगभरच्या ज्वारीचे 16 हजारांवर नमुने जमवले होते. हैदराबादजवळ पटनचेरूला 1972 मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था झाली, तिनं 1974 ला हा साठा घेतला तेव्हा हाती आले जेमतेम 9 हजार. नीट थंड साठवण नव्हती, बी मेलं. नंतर अमेरिकेतल्या साठ्यांतनं 3 हजारांच्या वर नमुने परत मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. आता इक्रिसॅटमध्ये उणे 20 अंशात बी ठेवतात.

राहुरीची फुले वसुधा, परभणीची परभणी मोती ही नंतरची वाणं चांगलीच आहेत. पण रब्बीच्या चाचणी प्लॉटवर कधी गेलात तर बघा, नव्या वाणाच्या शेजारी तुलनेला बहुतेक वेळा एम 35-1 चीच ओळ उभी असते.